पोर्तुगालला ग्रुप टूरने पहिल्यांदाच जाताय? मग पैसे भरायच्या आधी हे वाचून घ्या

मी आणि माझी नणंद, आम्ही दोघी सप्टेंबरात पोर्तुगालला जाऊन आलो, तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो की पॅकेज कितीला पडलं. अहो ते शेवटी विचारा. आधी हे विचारा की दुपारचं आणि रात्रीचं जेवायचं कुठे, आणि एका गावात रात्री किती. कारण तिथलं खाणं आणि तिथली माणसं बघायला जायचं असेल तर टूरचा निम्मा निकाल बुकिंग करतानाच लागलेला असतो, नंतर बसमध्ये बसून कुरकुर करून काही होत नाही, आम्ही करून बघितलीये.

आणि पोर्तुगालच का, तर एक तर युरोपातल्या बाकी देशांच्या मानाने खिशाला जरा बरं पडतं, आणि दुसरं म्हणजे तिथे गेल्यावर मजा येते ती शब्दांची. बटाट्याला ते बटाटाच म्हणतात, काजूला काजू, अननसाला अननाश. आपला पाव तिकडचा, कोबी तिकडचा, चावी, परात, घमेलं, पगार, लिलाव, सगळं तिकडून आलेलं. पहिल्याच दिवशी मेनूकार्डावर नणंदबाईंनी 'बटाटा' वाचलं आणि त्या जेटलॅग विसरल्या.

१. टूर निवडताना

दोन प्रकार असतात. एक म्हणजे मुंबई-पुण्याहून निघणारा ग्रुप, तीस-चाळीस माणसं, बरोबर आपला टूर मॅनेजर, व्हिसापासून सगळं तेच बघतात आणि रात्री शक्यतो इंडियन जेवण. दुसरा म्हणजे विमानाचं आपलं आपण बघायचं आणि लिस्बनला जाऊन बारा-पंधरा जणांच्या ग्रुपला जॉइन व्हायचं, गाइड तिथलाच, ग्रुपमधले लोक कुठले कुठले, आणि गाइड इंग्रजीतच बोलणार. पहिल्या प्रकाराला नावं ठेवायची फॅशन आहे पण मी ठेवणार नाही, पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला किंवा सत्तरीच्या आईबाबांना घेऊन जाणाऱ्याला तेच बरं. फक्त त्यात 'रोज रात्री भारतीय जेवण' असेल तर ते निम्म्या दिवसांवर आणता येतं का ते बुकिंगच्या वेळीच विचारा, आमच्या ग्रुपमध्ये सात-आठ जणांनी मागितलं तर मिळालं.

स्पेन-पोर्तुगाल जोडून दहा-बारा दिवसांच्या टूर असतात, त्यात पोर्तुगालच्या वाट्याला जेमतेम दोन रात्री येतात, म्हणजे लिस्बनमध्ये बसमधून उतरायचं, फोटो, परत बसमध्ये. खाण्यासाठी जायचं असेल तर ते नको. एकट्या पोर्तुगालचे आठ-नऊ दिवस घ्या, लिस्बनला तीन-चार रात्री, एव्होराला एक, कोइम्ब्राला एक आणि पोर्तोला दोन-तीन. लिस्बन ते पोर्तो साधारण तीनशे किलोमीटर, म्हणजे देश छोटा आहे, रोज हॉटेल बदलायची काही गरज नाही.

आता आयटिनररी कशी वाचायची ते सांगते, कारण इथे आम्ही फसलो. कागदावर छापलं होतं 'सिंत्रा – पेना पॅलेस'. आम्हाला वाटलं महाल बघणार. प्रत्यक्षात खालून, झाडांतून, लांबून पिवळे-लाल बुरुज दाखवले आणि अर्ध्या तासात चला. भांडलो तर आमच्याच कागदावर खाली बारीक अक्षरात 'फोटो स्टॉप' लिहिलेलं निघालं. तेव्हा प्रत्येक ठिकाणासमोर 'एन्ट्री तिकिटासह' असं शब्दात लिहिलंय का बघा, नसेल तर मेलवर लिहून घ्या. पॅनोरॅमिक टूर म्हणजे बसच्या काचेतून. ओरिएंटेशन टूर म्हणजे बसच्या काचेतून, पण माइकवर. पेनाच्या महालात आत जायला तिकिटावर वेळ छापलेली असते आणि गेटपासून वर चांगला चढ आहे, छोटी शटल बस मिळते, त्याचे पैसे वेगळे, हेही आधीच विचारून ठेवा.

आणि वार बघा. लिस्बनच्या बेलेम भागातला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो, बरीच म्युझियमंही. टूरवाल्यांनी बेलेमचा दिवस सोमवारी टाकला असेल तर तिथेच बोट ठेवा.

२. कधी जायचं

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या भागात, म्हणजे आलेन्तेजो वगैरे, पारा चाळिशीला जातो आणि दुपारी दगडी गावातून हिंडवतात, नागपूरकरांना चालेल एक वेळ.

जून जमला तर सोनं. लिस्बनला १२ जूनच्या रात्री सांत आंतोनियोचा सण असतो, गल्लीगल्लीत कोळशावर सार्डिन मासे भाजतात, पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात, आणि बारीक पानांच्या तुळशीसारख्या झाडाच्या कुंड्या विकतात, त्यात कागदाचं फूल आणि एक चारोळी खोचलेली. त्या झाडाला नाक लावून वास घ्यायचा नाही, हाताने गोंजारायचं आणि हाताचा वास घ्यायचा, अशी तिथली रीत. पोर्तोला २३ जूनच्या रात्री सांव जुआंव, तेव्हा लोक अनोळखी माणसाच्या डोक्यात प्लॅस्टिकचा हातोडा हाणतात, आणि कुणी रागवत नाही. मात्र त्या दिवसांत हॉटेलं महाग असतात, आणि गोंगाट रात्रभर.

३. कागदपत्रं

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते म्हणून तीन-चार महिने आधी कामाला लागा. पासपोर्ट परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन कोरी पानं हवीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा. बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, ही यादी टूरवाले देतातच. एकच सांगते, अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात कुठून तरी दोन-तीन लाख आणून टाकू नका, ते लगेच दिसतं आणि मग प्रश्न येतात.

बोटांचे ठसे एकदा दिलेले असले की ५९ महिने चालतात. आता सीमेवरही पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि ठसे घ्यायची नवी पद्धत आलीये, त्यामुळे लिस्बन एअरपोर्टवर लाइन लांब असते, पाण्याची बाटली आणि पेशन्स दोन्ही जवळ ठेवा.

४. पैसे

पॅकेजच्या किमतीवर जीएसटी आणि टीसीएस (टूरवाले आधीच घेऊन सरकारकडे भरतात तो इन्कम टॅक्स) वेगळे लागतात. टीसीएसचे पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना तुमच्या खात्यात जमा धरतात, पण आत्ता खिशातून जातात, म्हणून 'हातात एकूण किती द्यायचे' हाच आकडा विचारा. मग विचारा की टिप्स धरल्यात का, आणि सिटी टॅक्स धरलाय का. लिस्बनमध्ये माणशी रात्रीला ४ युरो असतो, पोर्तोत ३, आणि काही टूरवाले तो हॉटेलात तुम्हाला भरायला लावतात.

फॉरेक्स कार्ड घ्या पण दोनशे-अडीचशे युरो नोटांमध्ये ठेवा, छोट्या टपरीवजा हॉटेलात आपलं कार्ड कधीकधी चालत नाही, त्यांचं तिथलंच बँक कार्ड नेटवर्क असतं. मशीन विचारतं 'रुपयात की युरोत', युरोच दाबायचं, रुपया दाबला की रेट मार खातो.

५. बॅग

बुटांचं तेवढं नीट ऐका. लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणतात, आणि फुटपाथ चुनखडीच्या छोट्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे, नक्षीकाम सुंदर, पण लाखो पायांनी घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या बऱ्या. नव्या कोऱ्या पांढऱ्या शूजवर फोटो चांगले येतात हे मान्य, पण आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी दुसऱ्याच दिवशी मनगट मोडून घेतलं. खाली ग्रिप असलेले, आधी महिनाभर वापरलेले बूट.

आपली दोन बारीक पिनांची चार्जरची पिन तिथे बसते, तीन पिनांची नाही. चिवडा, खाकरा, लाडू न्या, पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे म्हणून पेढे आणि तुपाची बरणी घरी ठेवा. औषधं प्रिस्क्रिप्शनसकट. नळाचं पाणी पितात, रोज बाटली विकत घेऊ नका.

६. तिथे गेल्यावर खायचं कसं

टेबलावर बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज, कधी छोटे फिश कटलेट आणून ठेवतात. फुकट नाहीये! याला कूव्हेर्त म्हणतात, खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कुणाला वाईट वाटत नाही. आमच्या टेबलावर पहिल्या रात्री सहा जणांनी 'किती छान वेलकम केलं' म्हणत सगळं संपवलं आणि मग बिलावर अर्धा तास चर्चा.

दुपारी 'प्रातो दो दिया' मागा, म्हणजे त्या दिवसाची थाळी समजा, ताजी आणि स्वस्त. 'मेया दोझ' म्हणजे अर्धी प्लेट, ती बऱ्याचदा एका माणसाला भरपूर होते. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी नीट मिळत नाही, सहाला जेवणाऱ्यांनी चिवडा इथे वापरावा.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बाकाल्याव म्हणजे मिठात खारवून सुकवलेला कॉड, वर्षाच्या दिवसांइतके प्रकार करतात म्हणे. कोकणातल्या माणसाला खारवलेल्या माशाचं काही नवल नाही पण हा दोन-दोन दिवस पाण्यात भिजवून मीठ काढतात आणि मग शिजवतात, त्यामुळे खारट लागत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्याने 'बाकाल्याव आ ब्राश' घ्यावा, मासा, बारीक सळ्यांसारखा तळलेला बटाटा आणि अंडं, भुर्जीसारखं लागतं, न आवडणारा माणूस मला अजून भेटायचाय. पोर्तोला फ्रान्सेझिन्या नावाचं सँडविच प्रसिद्ध आहे, आत तीन-चार प्रकारचं मांस, वर चीज, त्याच्यावर रस्सा ओततात. मिसळीसारखं पावाने पुसून खातात लोक. बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी लांबून बघा.

एव्होराकडे, म्हणजे आलेन्तेजोत, जेवणात भरपूर कोथिंबीर! युरोपात कोथिंबीर एवढी वापरणारं दुसरं मला माहीत नाही. आसोर्दा नावाचा प्रकार म्हणजे शिळा पाव, लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि गरम पाणी. गरिबाचं जेवण, आपल्या फोडणीच्या पोळीचं भावंड. वर अर्धवट शिजलेलं अंडं सोडतात, नको असेल तर 'सें ओव्हु' म्हणायचं.

चिकन सूपला तिथे 'कांजा' म्हणतात, त्यात भात असतो, आणि हा शब्द आपल्याकडच्या कांजीवरून गेलाय. म्हणजे पाव त्यांनी दिला आणि पेज आपल्याकडून नेली. कॅफेच्या काचेच्या कपाटात सामोसेही दिसतील, 'शामुसा' म्हणतात, गोव्यावाल्यांनी पोचवलेले. धावत सुटू नका, आत बहुतेक वेळा खिमा असतो, विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर

नणंद शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, त्यामुळे हा भाग अनुभवाचा आहे. 'सोउ व्हेजितारियाना' (पुरुषांनी व्हेजितारियानु) एवढं सांगून भागत नाही, 'सें कार्न, सें पेइश', म्हणजे मांस नको, मासा नको, हे स्पष्ट म्हणा. काल्दो व्हेर्द नावाचं हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप दिसायला साधं पण त्यात सॉसेजची चकती तरंगते, चकती काढून दिली तरी स्टॉकचा, म्हणजे मांस-हाडं उकळलेल्या पाण्याचा, प्रश्न राहतोच, विचारा. 'सोपा द लेगुमेश' म्हणजे भाज्यांचं सूप जवळजवळ सगळीकडे मिळतं. टोमॅटो भात आणि राजम्यासारखा बीन्स-भात माशाबरोबर साइडला देतात, तोच मोठ्या प्लेटमध्ये मागायचा, त्यातही मांस किंवा स्टॉक नाही ना ते विचारून. आणि चीज! सेर्रा द एश्त्रेला नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात, प्राण्याच्या रेनेटने (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) नाही, वरचं साल कापायचं आणि आतलं मऊ चीज चमच्याने पावाला लावायचं. नणंद त्यावर चार दिवस जगली आणि खूश होती.

गोडात मात्र तिची पंचाईत. तिथली बहुतेक मिठाई अंड्याच्या पिवळ्या बलकाची. मठांमध्ये पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरायचे, पिवळा उरायचा, त्यातून हे सगळं गोडधोड निघालं असं सांगतात. पास्तेल द नाता नावाची छोटी कस्टर्डची वाटी तर जगभर गेली, बेलेममधलं मूळ दुकान १८३७ पासून चालू आहे. बाहेर लाइन दिसेल ती पार्सलची, आत भरपूर मोठे हॉल आहेत, तिकडे सरळ जाऊन बसायचं. वर दालचिनी भुरभुरायची, बरोबर छोटी कडक कॉफी, लिस्बनमध्ये तिला बिका म्हणतात. दूध घातलेली मोठ्या ग्लासातली हवी तर गलांव.

७. फादो ऐकताना आणि इतर ठिकाणी

फादो म्हणजे तिथलं विरहाचं गाणं म्हणा, बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि एक आवाज. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. टूरमध्ये 'फादो डिनर' असेल तर घ्या, फक्त दोनशे माणसांच्या हॉलमधलं असेल तर त्या दिवशी जेवण सोडून लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीतल्या छोट्या जागी आपलं आपण जा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात, वेटरही थांबतात, तेव्हा बोलायचं नाही, काटा-चमचा वाजवायचा नाही आणि मोबाइल वर धरायचा नाही. आमच्यातल्या एकाने घरी व्हिडिओ कॉल लावला आणि गायिका गाणं अर्धवट थांबवून नुसती बघत उभी राहिली. अख्खा ग्रुप खाली मान घालून. कोइम्ब्राचा फादो वेगळा, परंपरेने पुरुषच काळा झगा घालून गातात आणि तिथे टाळ्यांऐवजी घसा खाकरून दाद द्यायची पद्धत. तिथलं विद्यापीठ १२९० सालचं आहे, जुन्या लायब्ररीत वटवाघळं पाळल्यासारखी राहतात, रात्री पुस्तकांतले किडे खातात, टेबलं घाण होऊ नयेत म्हणून त्यावर संध्याकाळी चामडं अंथरतात.

जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. गाइड 'डिस्कव्हरी'चा सगळा पाढा म्हणतो. आपण वसईचा किल्ला बघितलेली माणसं, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो घेतला हे शाळेत घोकलेलं, आणि मुंबई १६६१ च्या करारात राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण गेली ती यांच्याच घरातून. तेव्हा प्रश्न विचारा, बरेच गाइड मोकळेपणाने बोलतात, आमची गाइड तर तिथली हुकूमशाही आणि १९७४ ची क्रांती यावर इतकी छान बोलली की बस चुकायची वेळ आली.

आणि पोर्तुगीज माणसाला 'ग्रासियास' म्हणू नका, ते स्पॅनिश. बायकांनी 'ओब्रिगादा', पुरुषांनी 'ओब्रिगादु'.

८. ग्रुपमध्ये राहताना

बस वेळेवर सुटते आणि त्यात टूर मॅनेजरचा दुष्टपणा नसतो. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती सक्तीची, दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवता येते आणि सगळी नोंद मशीनमध्ये होते. तुम्ही मॅग्नेट घेत वीस मिनिटं घालवली की संध्याकाळचं एक ठिकाण गेलं.

ट्रिपल शेअरिंगमध्ये तिसऱ्याला बहुधा घडीचा पलंग मिळतो, गुडघेदुखीवाल्याने तो घेऊ नये. बसच्या पुढच्या सीटवरून भांडणं होतात, रोज सीट फिरवायचा नियम पहिल्याच दिवशी मॅनेजरकडून करून घ्या. लिस्बनच्या २८ नंबरच्या ट्रॅममध्ये पाकीटमार असतात, पर्स पोटाशी. अडचण आली तर ११२ ला फोन.

निदान एक दुपार टूर सोडा. मॅनेजरला आधी सांगा, हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा, आणि कुठल्याही गल्लीतल्या जिथे कागदी टेबलक्लॉथ आणि हाताने लिहिलेला मेनू दिसेल तिथे शिरा. आम्ही पोर्तोत असं केलं, मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला पोर्तुगीज, पण 'बटाटा' म्हटल्यावर पुढचं जमलं.

९. आणायचं काय

टिनातल्या सार्डिन, बुचाच्या पर्स (बुचाच्या झाडाची साल दर नऊ वर्षांनी काढतात, झाड तोडत नाहीत), आणि पोर्ट वाइन घेत असाल तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंतच ड्यूटी लागत नाही. जुन्या बाजारातल्या जुन्या निळ्या टाइल्स घेऊ नका, भिंतींवरून चोरून काढलेल्या असू शकतात, नव्या दुकानात मिळतात त्या घ्या. टाइल हातातल्या बॅगेत, टिन आणि बाटली चेक-इनमध्ये, बाटलीभोवती दोन टीशर्ट गुंडाळून. नणंदेने आपल्या ड्रेसमध्ये गुंडाळली होती, तो ड्रेस आता फक्त होळीला चालतो.